सॉकर पास करणारे काका

अकरा जानेवारी, शनिवार. रक्कम दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे रुपये. हजर माणसं पाच: आमचे शेठ, त्यांचे जावई, छपाईचा मास्टर, काका आणि मी. जागा राहनाळच्या गोदामातली शेठची केबिन. वेळ सव्वाअकरा ते पावणेएक. एवढं मी त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवलं होतं, कारण अशा बैठकीत काय झालं ते नंतर प्रत्येकजण वेगळं सांगतो. प्रत्यक्षात काय झालं ते मात्र मी तेव्हा लिहिलं नाही. ते आता लिहितो आहे.

आमचा धंदा कापडी पिशव्यांचा. भिवंडीच्या लूमवरचं कापड घ्यायचं, रंगवून आणायचं, पिशव्या शिवायच्या, गिऱ्हाईक सांगेल ते त्यांच्यावर छापायचं आणि माल बाहेरदेशी पाठवायचा. मी तिथला हिशेबनीस, बावीस वर्षं. काका आले माझ्यानंतर, नऊ वर्षांपूर्वी. त्याआधी ते मुंबईत इंग्रजी पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद पडला आणि साठीच्या जवळ आलेला हा माणूस आमच्याकडे काम मागायला आला. त्या आठवड्यात आमच्याकडून एका परदेशी शाळेच्या तीन हजार पिशव्यांवर शाळेचं नाव चुकीचं छापलं गेलं होतं. शेठ डोक्याला हात लावून बसले होते. काकांनी ढिगातली एक पिशवी उचलली, खिशातून धागे मोजायचं छोटं भिंग काढलं आणि म्हणाले, "नावात एक चूक तुम्हाला दिसलीय. पत्त्यात दुसरी आहे." शेठनी त्याच दिवशी त्यांना ठेवून घेतलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. छपाईच्या टेबलावर पहिला तुकडा छापून झाला की मास्टर हात थांबवायचा. तुकडा काकांकडे जायचा. काका भिंग लावून एकेक अक्षर बघायचे आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'पास' असं मराठीत लिहायचे. त्याशिवाय दुसरा तुकडा छापायचा नाही. घाई असली तरी नाही, कंटेनर दारात उभा असला तरी नाही. मास्टर चरफडायचा. "चाचा, ये कपड़ा है, निकाहनामा नहीं है," असं म्हणायचा. काका म्हणायचे, "निकाहनाम्यात चूक झाली तर दोन माणसं भोगतील. इथं बारा हजार पिशव्या आहेत."

काकांबद्दल मला प्रेम होतं असं मी आता म्हणणार नाही. ते फार त्रासदायक होते. चहाच्या कागदी कपावर काही चुकीचं छापलेलं असलं तर ती बाजू ते आपल्यापासून दूर फिरवून चहा प्यायचे आणि का फिरवला ते आपण विचारेपर्यंत थांबायचे. माझ्या वहीत 'किरकोळ खर्च' असं लिहिलेलं दिसलं की विचारायचे, "यात काय काय आहे? आळस आहे का?" एकदा मानकोलीच्या चौकात आम्ही रिक्षात होतो आणि पुढच्या ट्रकच्या मागे इंग्रजीत काहीतरी चुकीचं रंगवलं होतं. काका रिक्षातून उतरले, चालत पुढं गेले आणि ड्रायव्हरला ते समजावून सांगायला लागले. मागे हॉर्नचा कल्लोळ. ड्रायव्हरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा, गाड़ी चल रही है ना?" काका परत येऊन बसले ते थेट राहनाळपर्यंत बोलले नाहीत.

ड्रायव्हरचा तो प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मनात असायचा. गाडी चालते आहे ना, मग कशाला?

शब्द दिसला की काका त्याचं गाव विचारायचे. नवा कामगार आला की आपण विचारतो ना, मुलूख कुठला, तसं. चावी पोर्तुगालहून आली, कारखाना इराणातून आला, असं ते कामगारांना जेवणाच्या सुट्टीत सांगायचे. पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "पोर्तुगीज आला का?" पगार हा शब्दही तिकडचाच. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, दर महिन्याला, नऊ वर्षं: "मालक अरबी, पगार पोर्तुगीज, काम तेवढं आपलं." पहिल्यांदा मी हसलो होतो.

त्यांचं इंग्रजी कुठून आलं तेही सांगतो. छापखान्यातून आलंच, पण त्याहून जास्त रद्दीतून. तरुणपणी त्यांनी इथल्याच एका रद्दीवाल्याकडून जुन्या इंग्रजी वार्षिकांचा गठ्ठा वजनावर घेतला होता. इंग्लंडच्या मुलांसाठी दरवर्षी निघणारी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं; सामने, खेळाडूंची चित्रं, कोडी. त्यातली बरीचशी फुटबॉलची होती आणि कितीतरी मुखपृष्ठांवर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, सॉकर. काकांनी ती पुस्तकं इतक्या वेळा वाचली होती की तिकडच्या क्लबांच्या मैदानांच्या पायऱ्या त्यांना ठाऊक होत्या. स्वतः ते कधी चेंडूला पाय लावायला गेले नाहीत. पण आमच्या गोदामामागं पोरं खेळताना दिसली की म्हणायचे, "चला, सॉकर सुरू झालं." फुटबॉल हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेची ऑर्डर आली. बूट ठेवायच्या, नाडी ओढून बंद करायच्या पिशव्या. त्यांच्यावर चेंडूचं चित्र आणि खाली सॉकर. छपाईच्या जाळीच्या चार फ्रेम बनवल्या, प्रत्येकी साडेसहाशे, दोन हजार सहाशे रुपये. काका खूष. पास लिहून झाल्यावर माझ्याकडे वळून त्या शब्दाची गोष्ट सांगायला लागले. ही गोष्ट ते कुणालाही सांगायचे, आणि चांगली सांगायचे.

"दीडशे वर्षांपूर्वी तिकडे प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा. कुणी चेंडू हातात घेऊन पळायचं, कुणी फक्त पायानं खेळायचं. मग पायवाल्यांनी एक संघटना काढली, नियम छापले. संघटना म्हणजे असोसिएशन. म्हणून त्या खेळाचं नाव असोसिएशन फुटबॉल. हातवाल्यांचं रग्बी फुटबॉल. आता एवढं लांब नाव कोण घेणार? तिकडच्या कॉलेजातल्या श्रीमंत पोरांना एक खोड होती, शब्द तोडायचा आणि शेवटी 'अर' चिकटवायचं. रग्बीचं केलं रगर. असोसिएशनच्या पोटातलं 'सॉक' काढलं आणि केलं सॉकर. तिथून पेपरात गेलं, पुस्तकात गेलं. पुढे अमेरिकेला ते सोयीचं पडलं, कारण त्यांचा स्वतःचा फुटबॉल वेगळाच. हिशेबनीस, कळलं का? शब्द इंग्लंडचा. अमेरिकेत नुसता नांदायला गेलाय."

घरी मी हे मुलीला सांगितलं. ती कॉलेजात आहे आणि तिकडचे सामने मोबाइलवर बघत बसते. ती म्हणाली, "असेल, पप्पा. पण आता तिकडे सॉकर म्हटलं ना, तर लोक शिवी दिल्यासारखं बघतात. आता तो अमेरिकेचा शब्द झालाय. तिकडे फक्त फुटबॉल."

मी जेवत होतो. मी "बरं" म्हटलं.

वीस ऑक्टोबरला इंग्लंडची ऑर्डर छपाईला लागली. चौदा हजार चारशे पिशव्या, पंचेचाळीस रुपये दर, सहा लाख अठ्ठेचाळीस हजार. तशाच बुटांच्या पिशव्या. ऑर्डरच्या कागदावर फुटबॉल लिहिलेलं होतं. तो कागद माझ्या फायलीत होता, म्हणून मला माहीत. त्या दिवशी सकाळी जावईबापूंनी आमच्या मोबाइलच्या ऑर्डरच्या ग्रुपवर हिंदीत टाकलं: अमेरिकावाली फ्रेम पड़ी है, वही मार दो, नया खर्चा नहीं। शेठना दोन मुली, थोरलीच्या नवऱ्याच्या हातात दोन वर्षांपासून कारखाना. हुशार आहेत. पैसे कुठं वाचतील ते त्यांना चटकन दिसतं. ग्रुपवर शेठ होते, मास्टर होता, मी होतो. काका नव्हते, त्यांच्याकडे बटणांचा फोन होता.

रीतीप्रमाणे पहिला तुकडा काकांकडे आला. जावईबापू स्वतः घेऊन आले. माझं टेबल शेजारीच.

"काका, तीच जुनी फ्रेम मारतोय. सॉकरवाली. इंग्लंडवाल्यांना समजेल ना?"

"समजेल?" काकांनी भिंग खाली ठेवलं. "अहो, त्यांच्याच घरची लेक. इतक्या वर्षांनी माहेरी येतेय. तिला कोण ओळखणार नाही?"

"म्हणजे चालेल."

"चालेल काय, वाजतगाजत जाईल."

मास्टर दारात उभा होता. तो म्हणाला, "चाचा, सीधा फुटबॉल लिखो ना. दुनिया समझती है।"

"दुनिया समजते म्हणूनच त्याला चव नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी पास लिहिलं.

मला तेव्हा मुलीचं बोलणं आठवलं होतं का? आठवलं होतं. ऑर्डरचा कागद आठवला होता का? तोही. पण वीस तारीख म्हणजे जीएसटीचं रिटर्न. मी तोंड उघडलं असतं तर काका वीस मिनिटं बोलले असते, वार्षिकं उद्या घेऊन येतो म्हणाले असते, आणि जावईबापूंना दोन हजार सहाशेचा खर्च माझ्यामुळे पडला असता. छपाई माझं खातं नाही. मी रिटर्न भरलं. वेळेत भरलं.

माल डिसेंबरच्या शेवटी तिकडे पोचला. जानेवारीत त्यांचं पत्र आलं. पत्र रागाचं नव्हतं, त्यामुळे जास्त लागणारं होतं. आमच्या दुकानात हा शब्द चालत नाही, लिहिलं होतं. मुलं हसतील आणि पालक म्हणतील की अमेरिकेचा उरलेला माल इथं खपवताय. तसं तर तुम्ही केलेलं नाही ना? आम्ही त्यावर पट्टी शिवून घेऊ, त्याबद्दल चाळीस टक्के कापू, आणि हे कसं घडलं त्याचा लेखी खुलासा पाठवा.

चाळीस टक्के म्हणजे दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे.

आता केबिनमधलं सांगतो.

शेठ खुर्चीत, जावईबापू त्यांच्या उजव्या हाताला, आम्ही तिघं समोर उभे. शेठ मूळचे इथलेच; आज गोदामं आहेत तिथं त्यांच्या वडिलांची भातशेती होती. रागावले की गावची बोली बाहेर येते, पण त्या दिवशी ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"काका, ह्यो शब्द तुमी पास केला?"

"मी केला."

"तो अमेरिकेचा हाय, मंग इंग्लंडला कसा गेला?"

"तो अमेरिकेचा नाही, शेठ. तो इंग्लंडचाच आहे."

"इंग्लंडवालं सोता सांगतान आमचा न्हाय!"

जावईबापूंनी मोबाइलवर एक लेख काढून पुढे केला. "वाचा काका. सगळं दिलंय इथं."

काकांनी भिंग काढलं आणि मोबाइलवर धरलं. आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, खाली शिलाईची मशीनं चालू होती. काका फार सावकाश वाचत होते. मजकूर सरकवायचं त्यांना जमत नव्हतं, मास्टर मधूनमधून बोटानं सरकवून देत होता. लेखात काकांची सगळी गोष्ट होती, कॉलेजची पोरं, रगर, सगळं. आणि पुढे त्यांना ठाऊक नसलेला भाग होता. तिकडचे लोक हा शब्द कित्येक वर्षं आनंदानं वापरत होते. मग अमेरिकेत तो फार चालायला लागला तसा त्यांनी सोडून दिला, आणि आता तो कधी आपला होता हेच पुष्कळांना माहीत नाही. हे सारं गेल्या चाळीसेक वर्षांतलं. काकांचा रद्दीचा गठ्ठा त्याच्या आधीच संपत होता.

त्यांनी मोबाइल परत दिला. म्हणाले, "म्हणजे मी गावाचं नाव बरोबर सांगितलं, पण गावच तिथून उठलंय."



"माझी चूक आहे, शेठ. शब्द कुठून आला एवढंच मी बघितलं. आज तिथं कुणी वापरतं का, हे बघायला हवं होतं. तपासणाऱ्यानं ते बघायलाच हवं. लिहून घ्या, सही करतो."

शेठचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, मिटलं. मी खुलासा आधीच टाइप करून नेला होता. जावईबापूंनी सांगितलेला मजकूर, इंग्रजीत, चार ओळी. आमच्या एका कर्मचाऱ्याने नजरचुकीने अमेरिकन शब्द वापरला; माल नवा असून अमेरिकेसाठी बनवलेला नाही; त्या कर्मचाऱ्याने चूक मान्य केली आहे. खाली काकांच्या सहीची जागा.

काकांनी वाचलं. लाल पेन्सिल काढली आणि 'अमेरिकन' या शब्दाभोवती गोल केला.

"हे काढा."

"का?" जावईबापू म्हणाले.

"खोटं आहे. मी इंग्रजी शब्द वापरला. जुना झालेला इंग्रजी शब्द, असं लिहा. सही करतो."

"काका, तसं लिहिलं तर त्यांना पटणार नाही. त्यांना अमेरिकन वाटतो, तर अमेरिकन म्हणू. नाहीतर ते म्हणतील उरलेला माल आहे."

"त्यांना वाटतं म्हणून मी लिहू? मग भिंग लावणारा माणूस कशाला ठेवलात?"

शेठ पुढे झुकले. "काका, आयका. एक सही मारा. आपल्याला काय त्या शब्दाचं लगीन लावायचं हाय? सोमवारी कामावर या. पैशाचं मी बघतो, तुमच्याकडून एक रुपया न्हाय मागणार."

हे शेठनी मनापासून म्हटलं होतं. त्या माणसानं तोवर काकांना कधी वाकडा शब्द बोललेला मी ऐकला नव्हता.

काका म्हणाले, "शेठ, पास मी केलं, त्याची सही आत्ता देतो. पगारातून कापा, तेही चालेल. पण आयुष्यभर एकच काम केलंय, छापायच्या आधी खोटं बाहेर काढायचं. ते माझ्या सहीनं आत कसं घालू?"

त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. अर्थ असा: हा शब्द मी पास केला. तो तुमचाच आहे. तुम्ही तो टाकून दिलात हे मला कळलं नव्हतं, याबद्दल मी माफी मागतो. खाली सही, तारीख. अक्षर छापल्यासारखं.

जावईबापूंनी वाचलं आणि हसले. "हे पाठवलं तर पुढची ऑर्डर विसरा."

इथं चार माणसांच्या खिशात चार मोबाइल होते आणि चौघांच्या ग्रुपवर तो वीस ऑक्टोबरचा संदेश होता. अमेरिकावाली फ्रेम पड़ी है, वही मार दो. गिऱ्हाइकानं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. माल उरलेला नव्हता, फ्रेम उरलेली होती. मास्टरनं माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघितलं. फायलीत फुटबॉल लिहिलेला ऑर्डरचा कागद वरच होता. मी त्याच्यावर दुसरा कागद ठेवला. शेठनी तो संदेश वाचला होता की नाही मला सांगता येणार नाही. ते ग्रुप फारसा बघत नसत.

"मग काय करायचं?" शेठनी जावयाला विचारलं.

"काकांची सही नको. कंपनीकडून पत्र जाऊ दे. शेवटची ओळ बदलू. संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलं आहे, असं टाकू. समोरच्याला बरं वाटतं. काका थोडे दिवस घरी राहतील, मग बघू."

म्हणजे नुसतं लिहायचं होतं. प्रत्यक्षात काढायचं असं अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. मी काही बोललो नसतो तर पत्र तसंच गेलं असतं आणि काका महिन्याभरानं भिंग घेऊन परत येऊन बसले असते.

मी म्हणालो, "पत्रात कमी केलं असं लिहिलं तर हजेरीपटावर तसं दिसायला हवं. उद्या कुणी कागद मागितले तर तारीख जुळली पाहिजे."

माझी ती सवय आहे. कागदाला कागद जुळला नाही की मला चैन पडत नाही. मी ते चांगल्यासाठी म्हटलं, वाईटासाठी म्हटलं, की फाइलवरून लक्ष उडावं म्हणून म्हटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

शेठनी जावयाकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग तसंच करा."

काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तारीख जुळायला हवी." आणि बाहेर गेले. जिन्यात मास्टर त्यांच्या मागे धावला, "चाचा, रुको ना, चाचा," पण ते थांबले नाहीत. मास्टर वर आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"साब, फ्रेम मैंने अपने मन से नहीं निकाली थी। आपको मालूम है।"

"मालूम है."

"बस, मालूम ही है," तो म्हणाला आणि छपाईवर गेला.

त्या शनिवारी अकरा दिवस भरले होते. हजेरीपटात मी पुढच्या वीस घरांवर आडवी रेघ मारली आणि पत्र पाठवून दिलं.

इंग्लंडचं उत्तर पुढच्या गुरुवारी आलं. त्यांच्या दुकानातल्या कुणा वयस्कर भागीदारानं लिहिलं होतं. खुलासा मान्य आहे, पुढची ऑर्डर आठवड्याभरात पाठवतो. आणि खाली आणखी काही: माझे वडील मरेपर्यंत सॉकरच म्हणत. हल्ली कुणी म्हणत नाही, त्याला इलाज नाही. पण त्या माणसाला कामावरून काढायची गरज नव्हती. आम्ही तसं मागितलं नव्हतं.

मी ते छापून शेठपुढे ठेवलं आणि मराठीत सांगितलं. शेठनी दोनदा विचारलं, "असं लिवलंय?" मग म्हणाले, "आता परत कसा बोलवू? बोलवला तर इचारील, चूक कोनाची. घरातल्या मानसाचं नाक कापू?" कागद माझ्याकडे परत दिला. "फायलीत लाव."

मी लावला. त्याची एक प्रत माझ्या पिशवीत ठेवली.

जानेवारी संपताना मी काकांच्या घरी गेलो. कल्याण नाक्यामागच्या चाळीत एक खोली. लग्न केलेलं नव्हतं. भिंतीला लागून वार्षिकांचे ढीग, एका खाटेवर ते, दुसरीवर शहापूरहून आलेली त्यांची थोरली बहीण. ताईंनी चहा केला. मी त्यांच्या शेवटच्या हिशेबाचा कागद पुढे केला. काकांनी रक्कम बघितलीच नाही, कारणाचा रकाना बघितला. तिथं मी पत्राशी जुळावं म्हणून 'चुकीच्या शब्दाच्या वापराबद्दल सेवा समाप्त' असं लिहिलं होतं.

"शब्द चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती," ते म्हणाले. "नीट करून आणा, मग सही करतो."

"काका, पैसे तर घ्या. कागदाचं नंतर बघू."

"तुम्ही असं म्हणताय?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला आवडलं नाही.

इंग्लंडच्या पत्राची प्रत माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. काढून द्यायला दोन सेकंद लागले असते. पण काकांनी ते वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते शेठसमोर उभे राहिले असते, मास्टर बोलला असता, मग ग्रुपवरचा संदेश निघाला असता आणि शेवटी ऑर्डरचा कागद कुणाच्या फायलीत होता तेही निघालं असतं. मुलीची कॉलेजची दोन वर्षं राहिली आहेत. मी चहा संपवला. काका मला 'फाइल' हा शब्द कुठून आला ते सांगत होते. मी लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारीत मी जाईन म्हटलं, मार्च तर वर्षअखेरचा. कागद नीट केला नाही. एप्रिलमध्ये मास्टरनं सांगितलं, चाचा गेले. दोन दिवस ताप, मग छातीत दुखलं. मास्टर आणि छपाईची चार माणसं गेली होती. मला कळवलं नव्हतं.

मे महिन्यात ताई स्वतः राहनाळला आल्या. शेठ उठून उभे राहिले, पाणी मागवलं, नजर चुकवून म्हणाले, "ताई, जे हाय ते सगळं आज द्यायचं, काय ठेवायचं न्हाय." जावईबापू बाहेरगावी होते. मी नवा कागद केला. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं. वारसाला पैसे देण्याचं कारण तेच असतं; कुणी तपासलं तरी त्यात चूक निघणार नाही.

ताईंनी चष्मा लावून तो रकाना वाचला. मग विचारलं, "त्याचं कामात काही चुकलं होतं का हो? शेवटपर्यंत मी विचारलं, तो सांगायचा नाही. नुसता म्हणायचा, कागद नीट होऊन येणार आहे."

"नाही, ताई. काही चुकलं नव्हतं."

"मग काढलं का?"

मी कागद वळवून सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

ग्रॅच्युइटी, नऊ वर्षांची: पंच्याऐंशी हजार सहाशे त्र्याहत्तर. जानेवारीचे अकरा दिवस: पाच हजार आठशे पंचावन्न. एकूण एक्क्याण्णव हजार पाचशे अठ्ठावीस रुपये. चेकनं दिले, काकांच्या थोरल्या बहिणीला.